घोडी पहिल्याच परिच्छेदात का येते?

गोष्ट सांगायला अर्धं मिनिट पुरतं. सेंट पीटर्सबर्गमध्ये इओना नावाचा एक म्हातारा गाडीवान आहे. त्याचा कमावता मुलगा याच आठवड्यात वारला. संध्याकाळभर तो बर्फातून गाडी हाकतो आणि जो भेटेल त्याला हे सांगू बघतो. एक लष्करी अधिकारी, मौज करायला निघालेली तीन पोरं, एक दरवान, गाडीवानांच्या मुक्कामावरचा एक तरुण गाडीवान. ऐकायला कुणालाच सवड नाही. शेवटी रात्री तो आपल्या घोडीपाशी जातो आणि तिला सगळं सांगतो.

अंतोन चेखवची ही ‘तोस्का’ नावाची कथा. १८८६ च्या जानेवारीत ती पीटर्सबर्गच्या एका दैनिकात छापून आली. चेखव तेव्हा २६ वर्षांचा होता, डॉक्टर होऊन त्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि ‘अंतोशा चेखोंते’ असल्या गमतीशीर टोपणनावानं वर्तमानपत्रांना मजकूर पुरवून तो घर चालवत होता. ‘तोस्का’ या रशियन शब्दाला मराठीत नेमका शब्द सापडत नाही. ‘दुःख’ फार मोघम, ‘हुरहूर’ फार हलकी. ‘तगमग’ जवळ जाते, पण तगमगीत माणूस येरझाऱ्या घालतो आणि इओना तर हलतही नाही. म्हणून मी मूळ शब्दच ठेवतो.

वरच्या अर्ध्या मिनिटाच्या गोष्टीत खरं तर काही गाळलेलं नाही. सुरुवात आहे, घडामोडी आहेत, शेवट आहे. तरी ती वाचून कुणाच्या घशाशी आवंढा आला नसणार. मूळ कथा वाचताना येतो. जेमतेम पाच पानांच्या त्या कथेत आणि माझ्या सात ओळींत जे अंतर आहे, ते कशानं पडतं?

शाळेत आम्हाला कथेचे घटक शिकवले होते. कथानक, पात्रं, वातावरण, संवाद, निवेदनशैली, शेवट. पाच गुणांचा प्रश्न, परीक्षेला हमखास. मिसळणाच्या डब्यात मोहरी, हळद, हिंग आपापल्या वाट्यांत असावेत तसे हे घटक वहीत चौकटी करून बसलेले असत. कुणी खोटं शिकवलं असं मी म्हणणार नाही. ते घटक कथेत असतातच. पण ‘वातावरण’ या चौकटीत काय लिहायचं हे मी ‘तोस्का’च्या बाबतीत ठरवायला बसलो, तेव्हा चौकटच फाटली.

त्यापेक्षा मला आजोळची बाज आठवते. सुंभानं विणलेली, सैल पडली की मध्यभागी झोळ येणारी. आजोबा तिचा झोळ काढायचे ते मध्ये हात न लावता. पायथ्याकडची दोरी एकेक वेढा करून ओढत जायचे आणि पार उशाकडची वीण ताठ व्हायची. पोराटोरांना ती जादू वाटे. दोरी एकच, ती सगळ्या बाजेभर फिरलेली, उभ्या-आडव्या वेढ्यांनी एकमेकांना ताणून धरलेली. बसणारा मध्ये बसतो, वजन मात्र चारही खुरांवर जातं. लघुकथा अशी विणलेली असते. कादंबरीत एखादं प्रकरण सैल असलं तरी वाचक पुढे जातो. इथे पाच पानांत एक वेढा सैल पडला की सगळीकडे झोळ येतो.

तेव्हा एखादी कथा कशी उभी आहे हे बघायचा माझा उपाय साधा आहे. तिच्यातली एक गोष्ट काढायची किंवा बदलायची, आणि दुसरीकडे कुठे सैल पडतं ते बघायचं.

बर्फापासून सुरू करू. कथा उघडते तेव्हा सांज झालेली आहे, दिवे नुकतेच लागलेत आणि त्यांच्याभोवती ओल्या बर्फाचे मोठाले पुंजके आळसटून फिरताहेत. छपरांवर, घोड्यांच्या पाठींवर, माणसांच्या खांद्यांवर, टोप्यांवर त्याचा मऊ थर साचलाय. इओना गाडीवर दुमडून बसलाय, नखशिखांत पांढरा. अंगावर अख्खा ढीग कोसळला तरी तो झटकायचं त्याला सुचणार नाही. घोडीही पांढरी, तीही निश्चल. काटक्यांसारखे ताठ पाय, कोनाकोनांचं अंग. जत्रेत पैशाला मिळणाऱ्या खाऊच्या घोड्यासारखी.

हा बर्फ काय काय करतो ते मोजा. थंडीचे दिवस आहेत हे तो सांगतो, ते त्याचं सर्वांत किरकोळ काम. तो घड्याळाचं काम करतो: माणूस किती वेळ बसून आहे हे अंगावरच्या थरावरून कळतं, ‘तो तासन् तास गिऱ्हाइकाची वाट पाहत होता’ असं लिहावं लागत नाही. तो मनाचंही काम करतो. थंडीत कुणीही खांदे झटकतो. जो झटकत नाही त्याचं काहीतरी बिनसलेलं आहे. त्या पहिल्या परिच्छेदात मुलाचा उल्लेख नाही, रडणं नाही, दुःख हा शब्द नाही. मग अधिकारी हाक मारतो, इओना दचकून लगाम ओढतो, आणि त्याच्या खांद्यांवरून, घोडीच्या पाठीवरून बर्फाचे थर ढासळून पडतात. पुतळा जिवंत झाला. अधिकारी उतरून गेल्यावर तो पुन्हा वाकून बसतो आणि बर्फ दोघांना पुन्हा पांढरं करून टाकतो. पहिला प्रयत्न फुकट गेला, हे चेखवला वेगळं सांगावं लागत नाही.

आता सांगा, हे वहीतल्या कुठल्या चौकटीत घालायचं?

एका लेखन शिबिरात मी हाच खेळ लावला होता. म्हटलं, कथा तीच ठेवा, फक्त बर्फ काढून मे महिना आणा, टांगा आणा, आपलं एखादं शहर आणा. एका हुशार मुलीनं छान लिहिलं. डांबर वितळलेलं, टांगेवाल्याच्या मानेवरून घामाचे ओघळ. पण घामाला माणूस पुसतो, वारा घेतो, सावली शोधतो. उन्हात कुणी पुतळ्यासारखा बसून राहिला तर लोक त्याला पाणी मारायला धावतात. तिचा टांगेवाला सारखा हलत राहिला. मग तो दुःखी आहे हे सांगायला तिला दोन वाक्यं जादा घालावी लागली, आणि त्या दोन वाक्यांनी कथा बसली. मुलगीच म्हणाली, “सर, त्याला कळतंय की तो दुःखी आहे. मूळ कथेत त्याला फक्त सांगायचंय.” याहून नेमकी समीक्षा मी केलेली नाही.

मग त्याचा धंदा. इओना गाडीवान का? न्हावी का नाही? न्हाव्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक अर्धा तास अडकून पडतं, गळ्याभोवती कापड, गालाला साबण. पळून जायची सोय नाही. तिथे ही कथा पहिल्या हजामतीतच संपली असती. गाडीवानाला माणसं पुष्कळ भेटतात, पण थोड्या वेळापुरती, आणि त्याची पाठ त्यांच्याकडे असते. बोलायचं तर मान वळवावी लागते, मान वळवली की रस्त्यावरची नजर सुटते. अधिकाऱ्याला तो सांगू लागतो, मुलगा वारला. तेवढ्यात अंधारातून कुणीतरी शिवी हासडतं, वळव म्हणून ओरडतं, आणि त्याला पुन्हा समोर बघावं लागतं. त्याच्या पोटाचा धंदाच त्याचं बोलणं तोडतो. शिवाय प्रवासी चढणार, उतरणार, दुसरे चढणार, ही कथेची रचना लेखकाला बाहेरून आणावी लागलेली नाही. ती गाडीवानाच्या रोजच्या कामातच आहे. पात्र निवडलं तेव्हाच कथानकाचा सांगाडा हाती आला.

आणि त्या सांगाड्यातला क्रम. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण कथानक म्हणजे ‘काय घडलं त्याची यादी’ ही समजूत फार पक्की बसलेली असते.

अधिकारी पहिला येतो. मुलगा गेला असं ऐकल्यावर तो विचारतो, कशानं? एवढंच. पण संपूर्ण कथेत मुलाबद्दल कुणी विचारलेला हा एकमेव प्रश्न आहे. म्हणजे सगळ्यांत बरा श्रोता चेखवनं सुरुवातीलाच खर्चून टाकला. इओनाला आशा वाटते, आपल्यालाही वाटते. अधिकारी डोळे मिटून घेतो. पुढची तीन पोरं मुलाबद्दल प्रश्न विचारत नाहीत; त्यांच्यातला कुबडा एक सुस्कारा टाकून, सगळेच मरायचे आहेत, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो आणि मग मानेवर रपाटा. त्यानंतरच्या दरवानाला किती वाजले असं विचारून इओना नुसती बोलण्याला तोंड फोडतो. मुलाचा विषय निघायच्या आतच दरवान त्याला तिथून पुढे हो म्हणतो. शेवटचा तरुण गाडीवान. तो पाणी प्यायला उठतो, इओना त्याला सांगतो, आणि उत्तराच्या अपेक्षेनं बघतो तर पोरगा तोंडावर पांघरूण ओढून झोपलेलाही असतो. प्रश्न, मग सुविचार, मग हाकलणं, मग झोप.

हाच क्रम उलटा करून बघा. आधी झोपलेला पोरगा, मग दरवान, मग तीन पोरं, सरतेशेवटी प्रश्न विचारणारा अधिकारी. माणसं तीच, वाक्यं तीच. पण आता ही हळूहळू माणसांत जागा मिळत जाणाऱ्या माणसाची कथा होईल आणि घोडी म्हणजे त्या चढणीचा शेवटचा सुखद टप्पा. एक शब्द न बदलता अर्थ पार फिरतो.

संवादांचंही तसंच. मुलगा याच आठवड्यात गेला, ही बातमी इओना तीनदा सांगतो आणि जवळजवळ त्याच शब्दांत सांगतो. सुतकात असलेल्या घरात ज्यांनी बसून पाहिलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. येणाऱ्या प्रत्येकाला तेच वाक्य, त्याच क्रमानं, जणू दुसरं जमतच नाही. नवशिक्या लेखकानं प्रत्येक वेळी नवी, हृदयस्पर्शी मांडणी शोधली असती. चेखव वाक्य तेच ठेवतो आणि समोरचं माणूस बदलतो.

एडगर ॲलन पो यानं १८४२ मध्ये हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना मांडलेला विचार पुढे लघुकथेची घटनाच होऊन बसला: एका बैठकीत वाचून होईल एवढी कथा, आणि तिच्यातला शब्द न् शब्द एकाच परिणामाकडे झुकलेला. आपल्याकडे ना. सी. फडक्यांनी १९३१ मधल्या ‘प्रतिभासाधन’मध्ये ललित लेखनाच्या तंत्राची हिरिरीनं बाजू घेतली, आणि पुढे गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर या नवकथेच्या पिढीनं बांधेसूद साच्याशी उघड भांडण मांडलं. मला पोचं म्हणणं निम्मं पटतं. एकच परिणाम, हे खरं. पण सगळे भाग त्याच दिशेनं ओढले तर बाज विणली जात नाही, दोऱ्यांची नुसती जुडी होते. ‘तोस्का’त सर्वांत जास्त हसणं आहे ते ऐन मध्यावर. ती तीन पोरं दारू, भांडण, टवाळी यांनी गाडी दणाणून सोडतात. वीस कोपेकमध्ये तिघांना न्यायचं ठरवतात. दर परवडणारा नाही, पण इओनाला त्याचं काही उरलेलं नाही, माणसं मिळाली तेवढं बस. ते शिव्या देतात आणि त्याचं एकटेपण किंचित हलकं होतं. मानेवर बसलेला रपाटा त्याला लागण्याआधी ऐकू येतो. आणि तो हसतो! पोरांना आनंदी म्हणतो, देव त्यांना सुखी ठेवो असं पुटपुटतो. हा प्रसंग काढला तर कथा दुःखाची एक सलग पट्टी होईल आणि तिसऱ्या पानावर वाचक तिला सरावेल. हसण्याचा आडवा वेढा आहे म्हणून दुःखाचा उभा वेढा ताठ आहे.

पोरं वीस कोपेक देऊन एका अंधाऱ्या दारात नाहीशी होतात, आणि इथे एकदाच निवेदक आवाज चढवतो. तोवर तो नुसतं दाखवत होता. आता तो म्हणतो की या माणसाची छाती फुटून आतलं सगळं बाहेर वाहिलं असतं तर जग बुडालं असतं, आणि तरी ते कुणाला दिसत नाही. वाचून बघा, कुठल्याही कवीला मोह पडेल असा मोठा उपमेचा उमाळा आहे हा. हीच ओळ पहिल्या परिच्छेदात आली असती तर आपण म्हणालो असतो, कळलं, पुढे बोला. ती आली आहे गाडी रिकामी झाल्यावर, आपल्यालाही बोलायला कुणी उरलेलं नसताना. आणि लगेच तिच्या शेजारी काय? हातात पोतं घेतलेला दरवान, किती वाजले, दहाचा सुमार, इथे उभा राहू नकोस. जग बुडवणाऱ्या पुरानंतर हे तीन-चार कोरडे शब्द. हातोडा कधी उचलायचा हे ज्याला कळतं तो हातोडा दिवसभर बडवत नाही.

शिकाऊ कथांचे गठ्ठे मी बरेच वाचलेत. दिवाळी अंकांच्या हंगामात तर दर तिसरी कथा खिडकीबाहेरच्या पावसानं सुरू होते. पाऊस दोन परिच्छेद छान पडतो आणि मग नायिका चहा ठेवायला उठते ती उठतेच; पाऊस पुन्हा कधी येत नाही. त्या पावसानं भाडं भरलेलं नसतं. चेखवच्या नावावर एक नियम जगभर फिरतो, भिंतीवर बंदूक दाखवलीत तर ती पुढे उडाली पाहिजे. पत्रांमधून त्यानं तशी ताकीद दिलीही होती. पण त्याच्या कथा वाचताना वाटतं, बंदूक उडणं हे सोपं गणित आहे. त्याचा बर्फ कुठे ‘उडत’ नाही. तो सांडतो, पुन्हा साचतो, आणि इओना गाडीवानांच्या मुक्कामाच्या जागी शिरला की बाहेर राहतो. तिथे मळकी प्रचंड चूल, कोंदट हवा, बाकांवर, जमिनीवर, चुलीच्या माथ्यावर घोरणारी माणसं. बाहेर गर्दी होती पण कुणी थांबत नव्हतं. इथे सगळे थांबलेत, पण झोपलेत.

घटनेच्या जोरावर उभी असलेली एक मराठी कथाही इथे घेतो, नाहीतर वाटायचं की हे सगळं फक्त संथ, हळव्या कथांना लागू आहे. अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’. कित्येकांनी ती शाळेच्या पुस्तकात वाचलेली असेल. वारणाकाठचा भीमा कामाच्या शोधात मुंबईत येतो, हत्तीसारखा माणूस. उपनगरातल्या खाणीत पहारीनं दगड फोडायचं काम मिळतं, सहा महिन्यांत खाण बंद पडते. मग एक दिवस मसणवटीतल्या राखेत त्याला सोनं सापडतं, आणि तो मढ्यांच्या राखेवर संसार चालवू लागतो. एका रात्री तो पुरलेल्या सावकाराचं प्रेत उकरायला जातो. तिथे कोल्ह्यांच्या टोळक्याशी त्याची जी झुंज होते ती मराठीतल्या थरारक पानांपैकी एक आहे. झुंज जिंकल्यावर मढ्याच्या तोंडातलं सोनं काढताना त्याची बोटं दातांत अडकतात. दोन बोटं डॉक्टरला कापावी लागतात. आणि त्याच दिवशी बातमी येते, खाण पुन्हा सुरू होतेय.

शेवटाचा हा तडाखा म्हणजे ‘कलाटणी’ असं म्हणून अनेक जण मोकळे होतात. पण कलाटणी तर कुठूनही देता आली असती. भीमाला पोलीस धरू शकले असते, कोल्ह्यानं पोटरी फाडली असती, मढ्यातून रोग जडला असता. बोटंच का? कारण तो डोंगर फोडत होता ते याच हातांनी. राख चाळली ती याच हातांनी. कोल्ह्यांना भिडला तो याच हातांनी. तीनही कामं करताना आपण नकळत त्या हातांकडे बघत राहिलेलो असतो आणि अण्णाभाऊ नेमकं तेच काढून घेतात. खाण सुरू होण्याची बातमी एरवी योगायोग वाटली असती. बोटांच्या शेजारी ती ठेवली की व्यवस्थेचा हिशोब होतो: काम होतं तेव्हा हात होते, काम नव्हतं म्हणून हात गेले, आता काम आहे. कथेची सुरुवातही बघा. शेजारच्या गावात एक बडा सावकार मेल्याचं ऐकून भीमा मनात खूश होतो. मरणाच्या बातमीनं आनंदी होणारा माणूस, या एका सलामीनं अण्णाभाऊ वाचकाला नैतिक आसनावरून खाली ओढतात, आणि मग का खूश झाला ते सांगताना गाव, मुंबई, खाण, भूक असं मागे नेतात. क्रम सरळ लावला असता, गावाकडून मुंबई, मुंबईकडून स्मशान, तर आपण पायरीपायरीनं त्याची कीव करत गेलो असतो. अण्णाभाऊंना कीव नको होती. ते स्वतः पोरवयात वाटेगावहून बापाबरोबर चालत मुंबईला आलेले. कीव काय कामाची असते हे त्यांना माहीत असणार.

पुन्हा पीटर्सबर्गला येऊ. एक गोष्ट राहिली आहे, आणि ती कथेत नाही, म्हणूनच तिच्याबद्दल बोलायला हवं. इओनाचा मुलगा कसा मेला? ताप असावा, तीन दिवस इस्पितळात होता, यापलीकडे आपल्याला काही कळत नाही. इओनाला काय काय सांगायचंय त्याची यादी मात्र मिळते: तो आजारी कसा पडला, त्याला त्रास कसा झाला, मरण्याआधी काय बोलला, पुरलं कसं, मग त्याचे कपडे आणायला इस्पितळात जावं लागलं ते. गावाकडे राहिलेली मुलगी अनिस्या, तिच्याबद्दलही बोलायचंय. ऐकणाऱ्यानं हाय हाय करायला हवं, उसासे टाकायला हवेत. ही नुसती अनुक्रमणिका आहे, प्रकरणं कोरी आहेत. कपड्यांपाशी मी दरवेळी थांबतो. मुलगा आत गेला तो कपड्यांसकट आणि बाहेर आले ते फक्त कपडे, हे तो कधी कुणाला सांगू शकलेला नाही; चेखवही आपल्याला सांगत नाही, नुसता त्या कपड्यांचा विषय काढून गप्प बसतो. हे सगळं सविस्तर लिहिलं असतं तर निदान आपण तरी इओनाचं ऐकून घेतलेलं असतं, आणि मग घोडीची गरज उरली नसती.

मुलाचं नावसुद्धा चेखव शेवटपर्यंत राखून ठेवतो. ते पहिल्यांदा येतं घोडीपुढे, आणि येतं ते साधं ‘कुझ्मा’ असं नाही, ‘कुझ्मा इओनिच’ असं. रशियन रीतीत बापाच्या नावावरून केलेलं हे दुसरं नाव आदरानं घेतात. बाप आपल्या पोराला सहसा असं म्हणत नाही. आपल्याकडे मुलाच्या नावामागे बापाचं नाव लागतंच, त्यामुळे मराठी वाचकाला आतली कळ लगेच लागेल: इओनिच म्हणजे इओनाचा मुलगा. म्हातारा मेलेल्या पोराला मानानं संबोधतो आणि त्या मानातच आपलं नाव उच्चारतो. ही एका नावातली गोष्ट अधिकाऱ्यापुढे वाया गेली असती.

राहिली घोडी. शिबिरात एकानं सुचवलं होतं, शेवटी कुत्रा चालेल की, कुत्रा जास्त प्रेमळ. चालला नसता. घोडी पहिल्याच परिच्छेदात येऊन गेलेली आहे, आणि तीही नुसती गाडीला जुंपलेली नाही. ती विचारात गढलेली आहे. नांगरापासून, ओळखीच्या करड्या माळांपासून ओढून आणून या दिव्यांच्या, गोंगाटाच्या, धावत्या माणसांच्या डोहात कुणी टाकलं तर विचारात पडणारच, असं निवेदक म्हणतो. सगळ्या कथेत गावाकडची म्हणून इओनाच्या जोडीला हीच एक. दहाच्या सुमाराला त्याला असह्य होऊन परतावंसं वाटतं, तेव्हा हिला जणू ते कळतं आणि ती दुडक्या चालीनं निघते. इतकी तजवीज झालेली असते, तरी आपल्या लक्षात येत नाही, कारण प्रत्येक वेळी ती दुसऱ्याच कामाला जुंपलेली असते.

इओना तिच्याकडे जातो तोही मन मोकळं करायला नव्हे. झोपायला काय, कधीही वेळ आहे, तेव्हा जनावराकडे बघून यावं, एवढंच. ती वाळलं गवत चघळत असते. चंदी नाही, कारण चंदीपुरतीही आज कमाई झालेली नाही. कमाई नाही, कारण तो लवकर परतला. लवकर परतला, कारण दरवानानं हाकललं आणि पुढचं गिऱ्हाईक शोधायचं बळ उरलं नाही. वीस कोपेकचा तो आतबट्ट्याचा सौदा आठवतो? तो इथे गव्हाणीत येऊन पडला आहे. मग तो तिच्याशी चंदीबद्दलच बोलायला लागतो, गाडी हाकायला आपण म्हातारे झालो, खरं तर मुलानं हाकायला हवी होती, असं करत मुलापाशी येतो. तुझं एखादं शिंगरू असतं, आणि ते गेलं असतं, असं तिला समजावतो.

ती चघळते, ऐकते, त्याच्या हातांवर तिचा श्वास येतो. कथेत याआधी एकदा त्याच्या अंगावर कुणाचा तरी श्वास आला होता: मागे उभ्या असलेल्या कुबड्याचा, मानेवर. तेव्हा गाडीवर सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती. पुढे घोडी, तिच्यामागे तो, त्याच्यामागे गिऱ्हाईक; त्याला दिसायची ती घोडीची पाठ आणि गिऱ्हाइकाला दिसायची ती त्याची. आता गाडी सोडलेली आहे आणि दोघं समोरासमोर उभी आहेत.